न धावणाऱ्या गाडीचे अध्यक्ष

आमचे अध्यक्ष ज्या प्रवासी संघाचे अध्यक्ष होते, त्या संघाची गाडीच बंद पडलेली होती. एवढ्या कारणावरून राजीनामा देणारी माणसं वेगळी. अध्यक्ष दरवर्षी बिनविरोध निवडून येत राहिले. वार्षिक सभा भाईंदरच्या जेसल पार्कच्या बागेतल्या एका बाकावर भरायची. हजर आम्ही दोघं: ते अध्यक्ष आणि मी सचिव. गणसंख्या भरली नाही म्हणून ते सभा अर्धा तास तहकूब करायचे आणि त्याच बाकावर तीच सभा पुन्हा सुरू करायचे. एका वर्षीच्या इतिवृत्तात त्यांनी मला लिहायला लावलं होतं, "चालू वर्षात गाडी उशिरा आल्याची एकही तक्रार नाही." मी हसलो. ते हसले नाहीत.

गाडी म्हणजे सकाळची पॅसेंजर. सगळं शहर दक्षिणेकडे कामाला पळायचं, तेव्हा ही उत्तरेला पालघर-डहाणूच्या बाजूला निघायची. भाईंदरला दोन मिनिटं थांबायची. चढणारे आम्ही मोजके. तिकडच्या कारखान्यांत कारकुनी करणारे, दोन-चार शिक्षक, आणि सुक्या मासळीच्या पाट्या घेऊन आठवडी बाजारांना निघालेल्या उत्तनच्या बायका. अध्यक्ष पालघरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. मीही तेव्हा तिथेच होतो. हाटकेशला गाळा घेऊन छपाईचं काम मी नंतर सुरू केलं. स्टोअरमधून एक स्क्रू बाहेर गेला तरी सही घ्यायची, ही त्यांची नोकरीतली सवय. निवृत्त झाल्यावर त्यांनी खुर्ची सोडली, सवय घरी आणली.

"पत्र द्या, पोच घ्या," हे त्यांचं जगण्याचं सूत्र. तोंडी बोललेलं ते धरतच नसत. लिफ्ट बंद पडली की सोसायटीच्या वॉचमनला लेखी तक्रार देऊन दुसऱ्या प्रतीवर त्याची सही घ्यायचे. तो बिचारा "काकाजी, लिफ्ट मैं थोडी ना चलाता हूँ" म्हणत सही करायचा. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटताना त्यांच्या काखेत वही होती. माझे वडील गेले तेव्हा त्यांनी सांत्वनाचं पत्र हातात दिलं आणि जरा घुटमळले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे. पोच सावकाश द्या." त्यांच्या मानाने ही फार मोठी माया होती, हे मला तेव्हाही कळलं.

गाडी चालू होती तोवर दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते डब्याची पूजा करायचे. झेंडूचे हार, दाराला आंब्याची पानं, खिडकीच्या गजाला कुंकू. इंजिनाला हार घालण्याचा मान स्वतःकडे. नारळ दाराच्या पायरीवर फोडायचा की फलाटावर, यावर एकदा इतका वाद झाला की नारळ फुटलाच नाही, गाडी मात्र सुटली. मग टाळेबंदी आली आणि सगळ्या गाड्या थांबल्या. बाकीच्या हळूहळू सुरू झाल्या, ही झाली नाही. पण बंद झाली असा कागद कुणी काढला नव्हता. त्यामुळे अध्यक्षांच्या लेखी ती "तात्पुरती स्थगित" होती, आणि ती परत आणणं हे त्यांच्या आयुष्याचं एकमेव राहिलेलं काम होतं.

त्या वर्षी दसऱ्याला त्यांनी गाडीचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला आणि त्याला हार घातला. काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. म्हणाल्या, "गाडी गेली म्हणताय की आहे म्हणताय, ते आधी ठरवा. आहे तिच्या फोटोला हार घालत नाहीत." अध्यक्षांनी मुकाट्याने हार काढून फोटोसमोर ताटात ठेवला. घरात पोच न घेता मान्य झालेला हा बहुधा एकच मुद्दा.

मग सह्यांची मोहीम निघाली. आम्ही दोघं हाटकेशच्या नव्या टॉवरांतून फिरलो. लोक भले होते, कशावरही सही करत होते. एका बाईने सही करून विचारलं, "कौनसी ट्रेन है अंकल? एसी है क्या?" अध्यक्षांनी तिला थेट पहिल्या इंजिनापासून सांगायला घेतलं. तिने लिफ्टचं बटण दाबलं. ज्यांनी ही गाडी जन्मात पाहिली नव्हती अशा लोकांच्या सह्यांचा हा एवढा गठ्ठा तयार झाला, आणि खरोखर तिच्यातून जाणाऱ्यांपैकी कुणाचीच सही त्यात नव्हती. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "सही ही सही असते."

गठ्ठ्याला रेल्वेचं उत्तर आलं, हेच मोठं. त्यात दोन ओळी होत्या. टाळेबंदीच्या आधीपासूनच या गाडीला भाईंदरहून प्रवासी मिळत नव्हते, सबब विचार करता येत नाही. अध्यक्षांनी ते पत्र चार वेळा वाचलं आणि ठरवलं, आता इतिहास लिहायचा. गाडी कुणी मारली ते पुराव्यानिशी छापायचं. लिहायचं त्यांनी, छापायचं मी.

इतिहासाची सुरुवात विलायतेत वाफेचा शोध लागला तिथून झाली. भाईंदर यायला पुष्कळ पानं लागली. मिठागरं आली, त्यांच्या आजोबांचं मिठागर आलं, त्यावर आता उभी राहिलेली बिल्डिंग आली, तिच्या लिफ्टचाही उल्लेख आला. शेवटच्या प्रकरणाचं नाव होतं "मारेकरी". त्यात बिल्डर होते, पुढारी होते, टेम्पोवाले होते, सरकारं तर सगळीच होती. अडचण एकच होती. प्रवासी कमी झाले ते टाळेबंदीच्या बरेच आधी, आणि ते गेले कुठे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. "पाट्यावाल्या बायका टेम्पोने जातात, असं ऐकलंय," मी म्हणालो. अध्यक्षांचे डोळे चमकले. टेम्पोवाल्यांविरुद्ध साक्षीदार मिळाला, असं त्यांना वाटलं.

आम्ही बस पकडून उत्तनला गेलो. मार्थाबाय अंगणात बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. पंचवीस वर्षं ती आमच्या डब्याच्या दाराशी पाटी टेकून बसायची. अध्यक्षांनी तिच्याशी त्या काळात "जरा सरका" याखेरीज काही बोलल्याचं मला आठवत नाही. आता मात्र त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि टेम्पोवाल्यांनी काय काय आमिषं दाखवली, असं विचारलं.

"टेम्पोवाला कशाला काय दाखवतंय?" ती म्हणाली. "आमीच गेलो त्याच्याकडं. आदी गार्डबाबा पुलावर बगत ऱ्हायचा. आमची उत्तनची बस कदी येलेवर येते काय? आमच्या पाट्या जिन्यावर दिसल्या का मंगच झेंडी दाखवायचा. तीन मिंटं, चार मिंटं. येक दिस बगतो तर गाडी सुटली, आमी जिन्यावरच. दुसऱ्या दिशी बी तसाच. गार्ड बोलला, बाय, माज्यावर लेखी तक्रार आली हाय. आता मना थांबता येत न्हाय."

"कुणी केली तक्रार?" अध्यक्षांनी विचारलं. पेन अजून वहीवर होतं.

"मना काय ठाव? कुनी शिकलेला मानूस असंल." तिने एक बोंबील झटकून पुन्हा टांगला. "मंग आमी पंदरा-वीस बायकांनी मिलून टेम्पो केला. काय करनार? मासली आमची वाट बगते काय?"

मी अध्यक्षांकडे पाहिलं नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं, वही पिशवीत टाकली आणि "येतो बाई" म्हणाले. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसून होते. भाईंदर आल्यावर उतरायलाही त्यांना सांगावं लागलं.

आठवड्याने ते हाटकेशला माझ्या गाळ्यावर आले. "मारेकरी" प्रकरणाची सगळी पानं त्यांनी परत मागून घेतली आणि त्याऐवजी एकच पत्र दिलं. संघाच्या फाइलमधलं, पोच असलेलं, त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून काढलेलं. सकाळची पॅसेंजर भाईंदरला विनाकारण रोखून धरली जाते, मासळीच्या पाट्यांसाठी गाडी थांबवणं शिस्तीला धरून नाही, संबंधित गार्डला समज द्यावी. आम्ही कारखान्यात चार मिनिटं उशिरा पोचायचो, त्याचं हे पत्र. गार्डला समज मिळाली. गाडी वेळेवर सुटू लागली, बायका गेल्या, त्यांची तिकिटं गेली, आणि गाडीत उरलो आम्ही, शिस्तीत बसलेले. "हे छापा," ते म्हणाले. "दुसरं काही नको. शीर्षक तेच ठेवा."

प्रकाशन जेसल पार्कमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. प्रमुख पाहुणे मेट्रोवर बोलले आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले. लोकांनी पुस्तिका उघडून फोटो बघितले. मग अध्यक्ष उठले आणि शेवटचं प्रकरण त्यांनी स्वतः वाचून दाखवलं. मार्थाबायला त्यांनी पत्र पाठवून बोलावलं होतं. ती नातीबरोबर पहिल्या रांगेत बसली होती, चांगलं लुगडं नेसून. वाचून संपलं तेव्हा हॉलमध्ये कुणाला काय करावं कळेना. एकाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि थांबवली.

"म्हंजे तुमीच व्हय ते," मार्थाबाय म्हणाली. "बरा झाला सांगितलात. आमी डब्यातल्या त्या बिचाऱ्या शालेच्या मास्तरला इतकी वर्सं शिव्या घातल्या."

लोक हसले. अध्यक्ष व्यासपीठावरून खाली उतरले आणि तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"हात कशाला जोडताव? त्यानं गाडी येल काय?"

"नाही येणार," अध्यक्ष म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे मी प्रथमच ऐकलं. काकू मागच्या रांगेत होत्या, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी संघ विसर्जित केला. आणि पावसाळा संपता संपता, एका सकाळी चहा पिताना, ते गेले. मी त्यांची आयुष्यभर टिंगल केली. आता ती करायला समोर कुणी नाही, याचं मला रोज वाईट वाटतं.

आणि एक गोष्ट राहिली आहे, ती इथे लिहितो, कारण पुस्तिकेत ती नाही. मूळ पत्राखाली दोन सह्या होत्या, अध्यक्षांची आणि सचिवाची. मजकूर त्यांचा होता, पण मासळीच्या पाट्यांचं वाक्य मी घालायला लावलं होतं. मला वासाने मळमळायचं. छापायला दिलेल्या प्रतीत त्यांनी खाली फक्त स्वतःचं नाव ठेवलं होतं. "इथे एक सही कमी आहे," मी म्हणालो, इतकं मी म्हणालो खरं. ते म्हणाले, "पत्राची जबाबदारी अध्यक्षाची असते. तुम्हाला अजून या गावात राहायचंय, धंदा करायचाय." मी तसंच छापलं.

मार्थाबाय हल्ली भाईंदरच्याच बाजारात बसते. मी दिसलो की वजन झाल्यावर दोन बोंबील वर टाकते. "तुमी व्हतात म्हनून त्यानला घेऊन माज्याकडं आलात," म्हणते. "न्हायतर तो मानूस कदी कबूल झाला नसता."

मी पिशवी उघडून धरतो.