पूर्णेच्या पाण्याखालची दगडी ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्राला नाही, देवाला तर नाहीच – त्याला माहीत असेल असं धरून चाललो. आता अकोल्याच्या जठारपेठेतल्या या खोलीत दिवसभर बसून असतो, गुडघे बोलतात, आणि तुमच्याशी बोलावंसं वाटतं. का वाटतं, ते विचारू नका. थकलोय, एवढंच.

महाराष्ट्र व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मी अकोल्यात ओव्हरसियर होतो. माझी सासुरवाडी पूर्णेकाठी, अगदी नदीच्या वळणावर. दर पुरात नदी सासऱ्यांच्या काळ्या शेताचा काठ कापून न्यायची. कपाशीच्या पऱ्हाटीसकट ढेकळं पाण्यात पडताना मी पाहिली आहेत. समोरच्या काठाला मात्र वाळूचा लांबरुंद पट्टा. तिथं किसन भोई आणि त्याची भावकी उन्हाळ्यात डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी, लावत. गोड डांगरं – आमच्या खारपाण पट्ट्यात असं गोड काही पिकतं यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नसे. नावेचा ठेकाही किसनकडंच होता. माझ्या बायकोला तो लहानपणापासून ओळखत होता, पहिलं डांगर तिच्या घरी पोचवायचा.

ट्रेनिंगमध्ये एका मास्तरांनी आम्हाला शिकवलं होतं, की समुद्र किनारा खात असेल तर भिंत बांधत बसू नका. आत, पाण्याखाली दगडांची रास करा, लाट तिथंच मोडते, वाळू किनाऱ्याला राहते. समुद्र मी पाहिलेला नव्हता. आमच्याकडं खारं पाणी तेवढं विहिरीत. पण ती गोष्ट डोक्यात बसली. जे समुद्राला चालतं ते पूर्णेला का चालू नये? – असा मी शहाणा. सासऱ्यांच्या काठापासून थोडं आत, पाण्याखाली, दगडांची तिरपी ओळ. नकाशा काढला, वर पाठवला, मंजूर झाला. सासुरवाडीत मला पाटावरून उठू देईनात.

दगड टाकायचे कुणी? मजुरांना पोहता येईना. किसन उतरला. नावेतून दगड सोडायचा, मागोमाग बुडी मारायची, आणि खाली एकात एक अडकवून बसवायचा. दोन महिने. डोळे लाल व्हायचे त्याचे. एक दिवस वर येऊन नावेची कड धरून म्हणाला, "साहेब, एक सांगू का? पान्याले जागा लागतेच. इकडं गोटे टाकसान तं ते तिकडं जाईन. आमची वाळू खाईन."

मग त्यानं कडब्याची पेंढी सोडून नदीत भिरकावली. काड्या ओळीपर्यंत सरळ आल्या, तिथून वळल्या, आणि वाळूच्या पट्ट्याला जाऊन लागल्या. मी पाहिलं. स्वच्छ पाहिलं. आणि म्हणालो, "पुरात वेगळं असतं, किसन." तो हसला आणि पुन्हा बुडी मारली. पुरात वेगळं असतं म्हणे! पुरातलं पूर्णेचं पाणी त्यानं जन्मभर कापलं होतं, मी पुलावरून बघितलं होतं.

इथवर चूकच होती. चूक माणसाकडून होते. मला सांगायचंय ते पुढचं – आणि बघा, मी अजून नदीवरच रेंगाळतोय.

पूर आला, गेला. सासऱ्यांचा काठ जसाच्या तसा. समोरची वाळू साफ. खाली चिकणमाती उघडी पडली, नावेचा उतार ढासळला. त्या काठच्या लोकांचा अर्ज गेला आणि नागपूरकडचे मोठे साहेब चौकशीला आले. नदीकडं बघत त्यांनी मला विचारलं, "रचनाच चुकली, की कोणी दगड हलवले?"

दोन दारं उघडी ठेवली त्यांनी. एका दारात माझी बढती आणि सासऱ्यांपुढची मान. दुसऱ्यात काय होतं? मी फार विचार केला असं म्हणू नका. लगेच बोललो. "भोयांनी जाळी लावायला समोरच्या टोकाचे दगड काढून वाट केली असावी, म्हणून धार तिकडं वळली." कागदावरही तेच लिहिलं. 'असावी' लिहिलं म्हणजे खोटं होत नाही, अशी तेव्हा समजूत करून घेतली.

किसनला बोलावलं. तो ओल्या धोतरानं आला. म्हणाला, "म्या कावून काढीन साहेब? म्याच तं बसवले."

"म्हणजे काढताही तुलाच येतात," मोठे साहेब म्हणाले.

तेव्हा किसननं माझ्याकडं पाहिलं. मी सांगायला हवं होतं ना – याच्या बुडीशिवाय यातला एक दगड बसला नसता, यानंच मला आधी सांगितलं होतं? मी नकाशाची घडी घालत होतो. चार घड्यांचा कागद, तो घालायला मला किती वेळ लागला!

नावेचा ठेका दुसऱ्याला गेला. वाळू नव्हती, तिथं डांगरं कुठून येणार? दिवाळीच्या आत किसनचं आणि त्याच्या भावकीची घरं तिथून उठली. बायको म्हणाली, "किसनभाऊ असं करनच नाही. तुमी नीट पाहिलं का?" मी तिला म्हणालो, "तुला काय कळतं? असेच असतात हे लोक." हे वाक्य मी माझ्या बायकोशी बोललो, तिला बहिणीसारखं वागवणाऱ्या माणसाबद्दल. गेल्या साली ती गेली. तेव्हाही उशाशी बसून होतो आणि सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा मी एकटाच जाऊन पाहून आलो. ओळ शाबूत होती. रिपोर्ट दुरुस्त करणारा एक कागद लिहायचा होता फक्त. लिहिला नाही. त्याच साली बढती झाली.

बऱ्याच वर्षांनी नागपूरला जाताना गाडी चांदूर रेल्वे स्टेशनला थांबली. एक हमाल खिडकीशी आला, डोक्यावर कुणाची तरी पेटी. किसन. केस पिकलेले. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि खरं सांगतो, द्याव्यात असं वाटलं. तो म्हणाला, "राम राम साहेब. बाई बऱ्या हायेत ना?" मी मान हलवली. मग त्यानं विचारलं, "अन् गोटे? हायेत का जागच्या जागी?"

"आहेत," मी म्हणालो.

"मंग बरं," म्हणाला तो, आणि पेटी सावरत पुढच्या डब्याकडं गेला. त्याला हाक मारता आली असती. गाडी तिथं बराच वेळ उभी होती.

त्यानं एकही दगड हलवला नव्हता. रिपोर्टवर सही केली तेव्हाही मला हे माहीत होतं.