वाहतं पाणी
ताटातल्या रश्श्यावर गार होऊन थिजलेली चरबी दिसली, की मला राधानगरीपलीकडचा तो ओढा आठवतो आणि ताट बाजूला सारलं जातं. खाली धरणाचं निळसर पाणी, वर ढगात बुडालेले डोंगर, मधून कातळावरनं उड्या घेत येणारा ओढा; आणि त्याच ओढ्यात रानात जाऊन मटण-रस्सा शिजवणाऱ्या आमच्या रस्सा मंडळातला एक गडी मटणाचं पातेलं घासत बसलेला. साबणाचा फेस, चघळलेली हाडं, पिवळा तवंग, सगळं धारेला लागलं होतं. खालच्या अंगाला घागर भरणाऱ्या म्हातारीनं हाक दिली, "पावणं, भांडी भाईर घासा की! आमी ह्येच पाणी पितोय." गडी हसला. "आज्जी, वाहत्या पाण्याला कसला इटाळ?" म्हातारी घागर घेऊन वर आली आणि तांब्या भरून त्याच्यापुढं धरला. "मग घ्या, पावणं. आमच्यात पावण्याला आदी पाणी देत्यात." तांब्यात तवंग गोल फिरत होता. गड्यानं नाक मुरडलं, गाडीतनं विकतच्या पाण्याची बाटली काढली, गटागटा प्यायला आणि रिकामी बाटली ओढ्यात भिरकावली. परवा त्यानं त्याच दिवसाचा, त्याच ओढ्याचा फोटो मोबाईलवर टाकला; वर लिहिलंय, 'आपल्या जिल्ह्यातला स्वर्ग'. पाणी काचेसारखं नितळ दिसतंय. दिसणारच की! जिथं बसून पातेलं घासलं, त्याच्या वरच्या अंगाचा फोटो आहे तो.