टिकली लावलेला डब्बा

“ताई, आजपर्यंत किती डब्ब्यांत चिप बसवली तुम्ही?”

त्या माणसाने हे परत विचारलं आणि माझ्या हातातलं सोल्डरिंग आयर्न थांबलं. गिऱ्हाईक असं विचारत नाही. गिऱ्हाईक विचारतं कधी मिळेल, कमी करा ना, वॉरंटी काय. तुम्ही आजपर्यंत काय काय केलं हे विचारणारा माणूस वेगळाच असतो.

मी हळूच खाली बघितलं. तपकिरी बूट. चकाचक पॉलिश. पोलिसासारखे.

मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेम रिपेअरिंगच्या दुकानात कामाला आहे. शिक्षण नववीपर्यंत, ते पण अर्धंच. लग्नाआधी अंबरनाथला कंपनीत लाइनवर बसून बोर्डाला टाके मारायचे, सोल्डरिंगचे, तेवढं हातात बसलंय. मुलगी झाली तशी कंपनी सुटली. मूल घेऊन गेटच्या आत कोण सोडतं? नवरा शिफ्टला, सासू तिकडे वांगणीच्या पुढे गावाला, ती शेत सोडून येत नाही. दुकानाच्या मालकाने, लच्छूसेठने, मला पोरीसकट कामावर घेतलं. मागे पडदा आहे, पडद्यामागे साडीचा झोळा बांधायला हूक त्यानेच ठोकून दिला. ईशू झोळ्यात झोपते आणि मी बाहेर टेबलावर काम करते. ही जागा गेली तर असा झोळा मला दुसरीकडे कोणी बांधू देणार नाही. म्हणून त्या दिवशी मी एवढी घाबरले.

डब्बा म्हणजे गेमचा कन्सोल. तो जुना काळा, डीव्हीडी घालून चालायचा तो. जाडा असेल तर आम्ही फॅट म्हणतो, पातळ आला तर स्लिम. आता नवीन घ्यायच्या ऐवजी लोक माळ्यावरचे जुने काढून आणतात आणि म्हणतात, याच्यात काहीतरी टाकून द्या, चालला पाहिजे.

हा माणूस फॅट घेऊन आला होता. चष्मा, शर्ट इन केलेला, अंबरनाथ वेस्टला राहतो म्हणाला. सेठ त्या दिवशी नात्यातल्या लग्नाला गेला होता. दुकानात मी एकटी.

सुरुवातीला मी नीट सांगत होते. “सर, तुमच्या डब्ब्याला तीन-चार गोष्टी होतात. लेन्स खराब असेल तर ती बदलू. नवीन टीव्हीला ही लाल-पिवळी वायर लागत नाही, त्याच्यासाठी एचडीएमआयचं किट येतं. आणि फॅटच्या मागे जागा असते, तिथे हार्डडिस्क बसते. गेम हार्डडिस्कवरूनच चालतात, डिस्क फिरवायची झंझट नाही. सोबत मेमरी कार्डात एक प्रोग्राम भरून देते, एकही टाका मारायला लागत नाही.”

“आणि चिप?”

चिप म्हणजे नखाएवढी पाटी. तिच्यापासून केसासारख्या बारीक वायरी काढून मेन बोर्डाच्या ठरलेल्या पॉइंटवर जोडायच्या. एक टाका सरकून शेजारच्या पॉइंटला लागला की डब्बा मेलाच समजा. आणि चिप बसली की कॉपी केलेली डिस्क चालते, म्हणून चिपच्या नावाने अधूनमधून पोलिसांच्या रेडची हूल उठते. कोणी म्हणतं पलीकडच्या गल्लीत पडली, कोणी म्हणतं कल्याणला पडली. मी डोळ्याने एक पण बघितलेली नाही. पण भीती बघून थोडीच वाटते.

“चिप कशाला सर? तुमचा फॅट आहे. हार्डडिस्क घ्या, सगळ्यात बरी.”

“नाही, मला चिप बघायची आहे.”

मी डबी काढून समोर ठेवली. साधी प्लास्टिकची डबी, आत फोमवर चिपा. प्रत्येकीच्या पाठीला हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका. तो सेठ स्वतः लावतो, बायकोच्या बाटलीतून. कारण इकडे लोक दुसरीकडची जळलेली चिप आणतात आणि म्हणतात, तुमचीच आहे, बदलून द्या.

मग माझ्या डोक्यात शिरलं. बघायची म्हणाला हा. बसवायची नाही, बघायची.

टेबलावर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा डब्बा उघडा होता, अर्धं काम झालेला. तो त्याच्यावर वाकला. “हे लाल लाल काय लावलंय?”

त्या टिकल्या होत्या. कपाळाला लावायच्या. वायर पॉइंटवर धरून टाका मारायचा तर ती हलते, म्हणून तिला पिवळी हीट टेप चिकटवतात. टेप संपली होती, सेठला सांगून दमले, तो उद्या आणतो म्हणायचा. मग मी पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं. टाका बसेपर्यंत टिकली वायरीला धरते, टाका बसला की काढून टाकायची. पण शिकल्यासवरल्या माणसाला हे कसं सांगू?

“इन्सुलेशन आहे,” मी बोलले.

“अच्छा!” म्हणाला आणि खिशातून मोबाइल काढून फोटो घेतला. एक इकडून, एक तिकडून.

“सर, चहा सांगू?”

“नको नको.”

मी भिंतीकडे तोंड करून सेठला फोन लावला. मागे बँड वाजत होता. “सेठ, एक माणूस आलाय, फोटो काढतोय, पोलिसासारखे बूट आहेत...”

“चाय पी उसने?”

“नाही. नको म्हणाला.”

“नहीं पी?” सेठचा आवाजच बदलला. सेठचा हिशोबच आहे, रेडवाला दुकानात पाणी पण पीत नाही. “माल हटा, बेटा! अभी के अभी!”

मी वळले, डबीचं झाकण लावलं, डबी ओढणीखाली घेतली आणि सरळ पडद्यामागे. कुठे लपवू? ड्रॉवर पहिल्यांदा बघतील. कपाट बघतील. झोपलेल्या पोरीचा झोळा कोण तपासतंय? ईशूच्या पायाशी गोधडीखाली डबी सरकवली आणि बाहेर आले.

“काय झालं, ताई?”

“सेठ नाहीत. तुम्ही उद्या या.”

“मुलगी तुमचीच का? किती वर्षांची?”

आता हा पोरीचं पण लिहून घेणार, असं मला वाटलं. त्याने आपला डब्बा पिशवीत घातला, विचार करून येतो म्हणाला आणि गेला. मी दारातून बघितलं, तो मोबाइल बघत बघतच चालला होता.

तेवढ्यात आत काहीतरी वाजलं.

ईशू उठून बसली होती. डबी उघडी. चिपा गोधडीवर सांडलेल्या. तोंडातून लाळ, आणि जबडा हलतोय. मी बोट घातलं तिच्या तोंडात, फिरवून बघितलं, काही नाही. ती रडायला लागली, मी पण. चिपा गोळा करून फोमवर लावल्या. एक जागा रिकामी. सकाळी एक पण रिकामी नव्हती. गोधडी झटकली, झोळा उलटा केला, तिचे कपडे काढले, फरशी झाडली. नाहीच.

शटर ओढलं आणि तिला घेऊन रिक्षात बसले. रिक्षावाल्याला रस्ताभर सांगत होते, दादा लवकर, पोरीने लोखंड गिळलं. तो बिचारा सिग्नल पण बघेना.

हॉस्पिटलमध्ये एक्सरे काढला. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडात धरली. “काही नाहीये आत.”

“नीट बघा ना मॅडम. नखाएवढी आहे.”

“धातू असता तर पांढरा दिसला असता. मुलगी ठीक आहे. तुम्ही पाणी प्या आधी.”

मी पाणी प्यायले, पण भरवसा कुठे बसतो? पुढचे काही दिवस तिची लंगोट उजेडात नेऊन बघायचे. सासू फोनवर म्हणाली, “पोरीला घेऊन त्या वायरींच्यात बसतेस, अजून काय होनार?” नवऱ्याने ईशूला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. ते जास्त लागलं.

सेठ आला, डबी बघितली. मी इन्सुलेशनचं सोडून सगळं सांगितलं, एक्सरे दाखवला. त्याने फिल्म पंख्याकडे धरून बराच वेळ बघितली, जसं काय त्याला कळतंय.

“बच्ची के पेट में नहीं. झाड़ू में नहीं. तो गई कहाँ?”

आणि त्याची नजर माझ्या पर्सवर गेली. नजर गेली फक्त. मी उठून पर्स टेबलावर उपडी केली. टिकल्या, जेवणाचा डबा, पास, ईशूचं झबलं. त्याने मान फिरवली.

“ऐसा नहीं बोला मैंने. लेकिन कल कुछ हो गया बच्ची को, तो? इस महीने तक ला. बाद में घर पे छोड़ के आ.”

“घरी कोणाकडे सोडू, सेठ?”

“वो तू देख.”

मी बघितलं. शेजारच्या काकींना विचारलं, त्यांचे गुडघे. सासूला विचारलं, तिची कापणी. रोज दुकानात झोळा बांधताना वाटायचं आता थोडेच दिवस. आणि सेठ रोज जाताना डबी उघडून बघायचा. माझ्यासमोर. मला पण आता तो माणूस खरा वाटेना, सेठ खरा वाटेना, एक्सरे खरा वाटेना. रेड पण पडली नाही आणि तो परत पण आला नाही. मग तो आला कशाला होता?

महिना संपत आला तेव्हा बदलापूरचा एक जण फॅट घेऊन आला. ऑफिसची बॅग खांद्याला, वैतागलेला. “मॅडम, आमच्याकडे स्टेशनजवळ नवीन दुकान झालंय, तिथे चिप बसवून घेतली. दोन दिवस चालला, मग बंद. परत नेला तर म्हणतो, टीव्ही खराब आहे.”

मी स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत टिकल्या होत्या. लाल, मखमली. वायर असेल तिथे पण आणि नसेल तिथे पण, ओळीने, हळदीकुंकवाला लावल्यासारख्या. काढलेली एक पण नाही. डब्बा तापून त्यांचा गोंद पातळ झाला होता, वायरी सरकून एकमेकींना चिकटल्या होत्या. हा डब्बा मी आयुष्यात उघडला नव्हता.

“सेठ,” मी म्हटलं, “इकडे या.”

सेठ वाकून बघायला लागला. मी आयर्नने टाके वितळवले, चिमट्याने चिप सोडवली आणि उलटी केली.

हिरवा ठिपका.

मी फोनसाठी भिंतीकडे तोंड केलं होतं ना, तेव्हाच गेली होती ती. मी झाकण लावलं, पण आत बघितलंच नव्हतं. पोरीच्या पोटात काही नव्हतं. कधीच नव्हतं. मला रडू आलं, ते मी टाक्यांच्या धुराने आल्यासारखं दाखवलं.

सेठने त्या बदलापूरवाल्याला विचारलं, “साईं, वो दुकानवाला, चश्मा है? भूरे बूट?”

“हो, एकदम टापटीप माणूस. म्हणाला, हे लाल इम्पोर्टेड इन्सुलेशन आहे. त्याचे वेगळे घेतले माझ्याकडून.”

सेठने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. इन्सुलेशनचं त्याला तोपर्यंत माहीत नव्हतं, मला सांगावं लागलं. मग तो हसायला लागला, खोकला येईपर्यंत. “दुनिया भर का माल हम उल्हासनगरवालों ने कॉपी किया! और आज हमारी टिकली कॉपी हो गई!”

बदलापूरवाल्याला मी चिप परत बसवून दिली नाही. हार्डडिस्क लावून दिली. फॅट होता, जागा होतीच.

सॉरी वगैरे सेठ म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी मी ईशूला घेऊन आले तर तो स्टुलावर चढून जुना हूक काढत होता. “ढीला हो गया था. बच्ची बड़ी हो रही है,” म्हणाला आणि जाडा हूक ठोकला. मग स्वतः लटकून बघितलं. हीट टेप पण आणली, एकदम खोकाभर.

चिपांच्या डबीला आता कुलूप असतं. गिऱ्हाईक समोर असताना मी भिंतीकडे तोंड करून फोन करत नाही. आणि चहा नको म्हणणाऱ्याला फक्त चहा नको असतो, असं अजून पण मी मानत नाही.

बदलापूरचे डब्बे अधूनमधून येतात. त्याने आता मोठ्या साइजच्या टिकल्या लावायला घेतल्यात. मी काढते, टाके नीट मारते, आणि कोणाला काही सांगत नाही.