शेवटचा चढ आणि अर्धा ब्रश

आमचे दाजी घड्याळं दुरुस्त करतात, त्यामुळे ग्रॅमग्रॅमवर त्यांचा जीव. दरवर्षीच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीसाठी त्यांनी दात घासायचा ब्रश अर्धा कापला, बनियनचं लेबल उसवलं, सायकलच्या घंटीलाही रजा दिली. इतकं करून शेवटच्या चढावर गेली दोन वर्षं त्यांना उतरून सायकल ढकलावी लागली आणि वेळ संपली.

"दम शाबूत असतो हो, मांड्याच दगा देतात," हे त्यांचंच निदान. ताई दवाखान्यात नर्स आहे. तिथल्या व्यायामाच्या बाईंनी सुचवलं, आठवड्यातून दोनदा वजन उचला. दाजी खवळले.

"स्नायू म्हणजे ओझं! ते चढावर कोण वाहून नेणार, तुझा भाऊ?"

तो भाऊ मीच. यंदा वेळेत पोचलो नाही तर सायकल विकून टाकीन, असंही त्यांनी जाहीर केलं. मी गिऱ्हाईक बघायला लागलो.

तेवढ्यात, फेरीला तीन महिने असताना, ताईची कंबर धरली. अंथरुणाला खिळलेल्या सासूला सकाळ-संध्याकाळ पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर ठेवायचं काम चिरंजीवांच्या गळ्यात पडलं. फेरीपर्यंतच हं, मग बाई ठेवू, असं ठरलं. "कमरेतून नाही, गुडघ्यांतून उठा," ताई पडल्यापडल्या ओरडायची. दाजी कुरकुरत उठायचे. "आई, किती जड झालीस!" असं एकदा बोलून गेले, तेव्हापासून म्हातारी दोन घासांवर हात धुवायला लागली. मला त्यांचा मनापासून संताप आला होता.

फेरीच्या दिवशी दाजी तो चढ न उतरता चढले आणि वेळेत पोचले. वजन गेल्या वर्षीइतकंच होतं, म्हणजे स्नायूंचं ते भयंकर ओझं कुठे गेलं कोण जाणे. वर लोकांनी गुपित विचारलं, तर यांनी अर्ध्या ब्रशवर व्याख्यान झोडलं. थापा मारण्याइतका दम उरला होता म्हणायचा.

घरी येऊन ते थेट आईच्या खोलीत गेले.

"उद्यापासून बाई नको. मीच उचलत जाईन."

"का रे? झाली ना तुझी फेरी?"

दाजींनी मान खाली घातली. "पुढच्या वर्षीचा चढ मोठा आहे."

आईनं ताईला हाक मारली.

"सूनबाई, आज माझं ताट नीट भरून आण. एवढ्याशा वजनानं याचं काय होणार?"