दोन सूत, ऱ्हस्व की दीर्घ

कारखान्यात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीतही तेच नाव चालू होतं. चौतीस वर्षं त्यांनी बॉयलर चालवला. त्यांच्या पाळीत तो एकदाही अचानक बंद पडला नाही. ही गोष्ट ते आपणहून कुणाला सांगत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "बघत होतो, म्हणून चालला."

त्यांची बायको शाळेत भाषा शिकवायची. गल्लीला ती बाई म्हणून ठाऊक. लग्नापासून मिस्त्रींचा प्रत्येक अर्ज बाईंच्या हाताखालून जाई. बाई लाल पेन घेऊन बसत.

"अहो, ही 'कि' कुठली काढलीत? 'की' दीर्घ असते."

"रजा मिळाल्याशी कारण. दीर्घ काय न् आखूड काय."

"आखूड नाही. ऱ्हस्व."

असं तीस-पस्तीस वर्षं चाललं. मिस्त्री सुधारले नाहीत आणि बाई दमल्या नाहीत.

मग कारखान्याच्या नव्या इंजिनिअरने मिस्त्रींना बोलावून घेतलं. "तुमच्या डोक्यात आहे ते कागदावर उतरवा," तो म्हणाला. "बॉयलरवर येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही ते पुस्तक देऊ." मिस्त्रींनी होकार दिला आणि ते कामाला लागले. रोज सकाळी दोन तास, चौदा महिने. लेकीने तिचा जुना लॅपटॉप दिला होता. त्यावर तिने लिनक्स घातलं, लिहायला एक साधा एडिटर बसवला आणि शब्दतपासणी जोडून दिली. चुकीचा शब्द लिहिला की खाली लाल नागमोडी रेघ यायची.

"घ्या," बाई म्हणाल्या, "माझी सवत आली."

"सवत बोलत तरी नाही," मिस्त्री म्हणाले.

पुस्तक बासष्ट पानांचं झालं. फाइल छापखान्यात द्यायचा दिवस ठरला, वेळही ठरली: दुपारी चार. त्या दिवशी चुकलं तर छापखान्यात पुढे दोन महिने शाळेच्या वह्यांचं काम होतं. आणि नेमक्या चार दिवस आधी बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यावर ताण द्यायचा नाही, पंधरा दिवस वाचन बंद. शेवटचा हात त्या फिरवणार होत्या, ते राहिलंच. आता भिस्त त्या लाल रेघेवर.

मिस्त्रींना चुकांची भीती उगीच नव्हती. खूप वर्षांपूर्वी त्यांनी बॉयलरघराच्या दारावर स्वतःच्या अक्षरात एक सूचना लावली होती. बॉयलरमधली पातळी दाखवणारी पाण्याची काच दर पाळीत धुवून तपासावी, एवढंच तिच्यात होतं. त्यात 'पाळीत'ची वेलांटी चुकली. ऑफिसातल्या कारकुनाने तिथे लाल पेन्सिलीने गोल केला. आठवडाभर येणारा-जाणारा तो गोल बघून हसला. काच मात्र कुणी धुतली नाही. दहाव्या दिवशी मिस्त्री पाळीवर आले, त्यांनी तोटी उघडली, तर काचेची नळी गाळाने तुंबलेली. काचेत पाणी दिसत होतं ते शिळं होतं. आतली पातळी चार बोटं खाली गेली होती. वेळेवर कळलं म्हणून निभावलं. तेव्हापासून त्यांच्या मनात एक बसलं होतं. चूक दिसली की लोक चूकच वाचतात, काम वाचत नाहीत. हे पुस्तक लोकांनी कामासाठी वाचावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

छापखान्यात द्यायच्या दिवशी ते सकाळी सातला टेबलाशी बसले. पहिल्या पानापासून खाली येत गेले. एकही लाल रेघ नाही. दहा पानं झाली, वीस झाली. सगळं स्वच्छ.

"एकही चूक नाही," त्यांनी आत हाक मारून सांगितलं.

"तुमच्या लिखाणात?" बाईंनी आतून विचारलं.

बाईंनी चेष्टाच केली होती. मिस्त्रींचा हात मात्र थांबला. सुई हलेनाशी झाली की गेज बंद पडलंय असं समजायचं, हे त्यांनीच बाराव्या पानावर लिहिलं होतं. त्यांनी नव्या ओळीवर मुद्दाम 'बोयलर' लिहिलं. रेघ आली नाही. 'पाळिला' लिहिलं. नाही. मग डोळे मिटून कशाही कळा दाबल्या. जे उमटलं ते कुठल्याच भाषेत बसलं नसतं. तरी रेघ नाही.

त्यांनी लेकीला फोन लावला. ती दूरच्या शहरात नोकरीला. ऑफिसला निघायच्या गडबडीत होती.

"बाबा, काही बदललंत का?"

"मी हात लावला नाही."

"असं सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणत असतील. मी लावला नाही."

"बरं, बरं. खालच्या पट्टीत तपासणी चालू दिसतेय की बंद?"

"चालू."

"मग बंद करून परत चालू करा. नाहीतर एकदा सगळं पुन्हा बसवून टाकू, मी दुपारी..."

"थांब. सगळं पुन्हा बसवलं तर बिघाड कशात होता ते कळणार कसं? एका वेळी एकच नट फिरवायचा."

लेक हसली. "बरं मिस्त्री. तुम्हीच शोधा. अकराला मी मोकळी होते."

मिस्त्रींनी एक कोरा कागद घेतला. वर लिहिलं: तपासणी चालू, रेघ नाही. मग विचार केला. पंप चालतो आणि पाणी येत नाही, तर पंपात बघण्याआधी पाणी कुठून येतंय ते बघायचं. रेघ ओढणाऱ्याला शब्द कुठून मिळतात? शब्दकोशातून. मग तो कुठला कोश उघडून बसलाय? त्यांनी कळफलक इंग्रजीवर नेला आणि बॉयलरचं इंग्रजी स्पेलिंग मुद्दाम चुकवलं. झटकन लाल रेघ आली.

ते खुर्चीतून अर्धे उठले. "अगं, हा जिवंत आहे!"

"कोण?"

"तुझी सवत. इंग्रजी कोश घेऊन बसलीय. आपली अक्षरं तिला अक्षरंच वाटत नाहीत, सरळ ओलांडून जाते."

त्यांनी कागदावर दुसरी ओळ लिहिली: कोश चुकीचा. आता प्रश्न असा, की इतके महिने बरोबर कोश उघडत होता, तो आताच का चुकला? ते हाताची घडी घालून बसले. मग आठवलं. आठ दिवसांपूर्वी लेकीने फोनवरून सांगत सांगत पडद्यावर एक चित्र बसवून दिलं होतं, त्यावर टिचकी मारली की एडिटर उघडायचा. त्याआधी ते टर्मिनलच्या काळ्या खिडकीत नाव टाइप करून उघडत.

त्यांनी एडिटर बंद केला. काळी खिडकी उघडली, नाव टाइप केलं. 'बोयलर' लिहिलं. लाल रेघ. बंद केला. चित्रावरून उघडला. रेघ नाही. पुन्हा काळ्या खिडकीतून. रेघ. असं त्यांनी तीन-तीन वेळा केलं. एकदा झालं ते योगायोगानेही होतं.

अकराच्या ठोक्याला लेकीचा फोन आला. मिस्त्रींनी कागदावरचं वाचून दाखवलं.

"बाबा, चूक माझी आहे," ती म्हणाली. "आपला कोश कुठे ठेवलाय ते मी टर्मिनलच्या फाइलीत लिहून ठेवलं होतं. ती फाइल टर्मिनल उघडलं तरच वाचली जाते. चित्रावरून गेलं की कुणी वाचतच नाही."

"म्हणजे सूचना एका दारावर लावली आणि माणसं दुसऱ्या दाराने आत आली."

"अगदी तसंच."

"मग सूचना आत लाव. कुठूनही आलं तरी दिसेल अशी."

तिने एडिटरच्या स्वतःच्या सेटिंगच्या फाइलीत घालायची ओळ सांगितली. मिस्त्रींनी एकेक अक्षर मोठ्याने उच्चारत ती लिहिली, तिला परत वाचून दाखवली, मगच साठवली. चित्रावरून एडिटर उघडला. पानभर लाल रेघा उमटल्या. इतक्या चुका बघून एवढा आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता.

दीडपर्यंत त्यांनी सगळ्या रेघा निपटल्या. ज्या धंद्यातल्या शब्दांच्या होत्या, ग्लँड, फ्लँज वगैरे, ते शब्द अक्षरं तपासून स्वतःच्या यादीत घातले. उरल्या त्या खऱ्या चुका. त्या दुरुस्त केल्या. पान पुन्हा स्वच्छ झालं. त्यांनी 'बोयलर' लिहून रेघ येते का पाहिलं. आली. तेव्हा तो शब्द पुसून ते जेवायला उठले.

जेवताना बाई म्हणाल्या, "एखादं पान वाचून तरी दाखवा. डोळ्याला बंदी आहे, कानाला नाही."

मिस्त्रींनी लॅपटॉप ताटाशेजारी आणला. "झडप बसवताना फट दोन सूत ठेवावी. एका सुताचा फरक पडला तरी..."

"सूत म्हणजे?"

"इंचाचा आठवा भाग. इतकी वर्षं माझ्या घरात काढलीस आणि सूत माहीत नाही?"

"माप माहीत आहे हो. लिहिलंय कसं ते विचारतेय. 'दोन सूत'मधला सू ऱ्हस्व की दीर्घ?"

"ऱ्हस्व. 'सुताचा' ऱ्हस्व असतो, मग सुतही ऱ्हस्वच असणार. आणि रेघ आलेली नाही."

बाईंनी घास खाली ठेवला. "रेघ येईल कशी? ऱ्हस्व सुत हाही शब्दच आहे. सुत म्हणजे मुलगा. तुम्ही झडपेत दोन मुलगे ठेवायला सांगताय."

बाईंना हसू आवरेना. पट्टीच्या डोळ्यावर हात धरून त्या हसत होत्या. "डॉक्टरांनी हसू नका असंही सांगितलंय," म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या.

"किती वेळा लिहिलंय?" शेवटी त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी शोधलं. "एकेचाळीस."

घड्याळात दोन वाजले होते. छापखाना सायकलवर पाऊण तास. मिस्त्रींनी आयुष्यात न केलेली गोष्ट केली, घाई केली. सगळे 'सुत' एका झटक्यात 'सूत' करून टाकले. पुन्हा लाल रेघांचा पाऊस. 'सूतळी', 'सूतार', 'सूताचा'. ग्लँडमध्ये भरायची सुतळी बिघडली, काचेच्या चौकटीसाठी ठोकळा करून देणारा सुतार बिघडला.

"एका वेळी एक नट," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाले आणि केलेलं सगळं मागे घेतलं.

मग दोघं बसली. मिस्त्री एकेक जागा काढून शब्द वाचत, बाई निकाल देत.

"दोन सूत."

"दीर्घ."

"सुताचा फरक."

"प्रत्यय लागला, ऱ्हस्व झाला. राहू द्या."

"सुतळी."

"हात लावू नका."

"दीड सूत."

"दीर्घ. आणि मान वर करा जरा, पाठ धरेल."

एकेचाळीसपैकी तेवीस बदलले, अठरा तसेच ठेवले. मिस्त्रींनी बेरीज जुळवून पाहिली. मग मधल्या चार-पाच जागा पुन्हा उघडून बघितल्या. तीन वाजून दहा मिनिटांनी पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात गेला, वरून बटण लागलं. चारला पाच मिनिटं कमी असताना ते छापखान्यात पोचले. छापखानेवाल्याने फाइल उघडली, वर-खाली केली आणि म्हणाला, "लाल काही दिसत नाही. आमच्याकडे असं फार कमी वेळा येतं."

"तपासणी चालू आहे ना तुमची? एक चुकीचा शब्द लिहून बघा," मिस्त्री म्हणाले. त्याने लिहून पाहिल्यावरच ते उठले.

पुस्तक छापून आलं. वाटून तीन दिवस झाले आणि हल्ली बॉयलर चालवणारा दारात उभा राहिला. काडीसारखा बारीक, म्हणून कारखान्यात त्याला पैलवान म्हणतात. त्याच्या हातात पुस्तक होतं, पानांवर काळे अंगठे उमटलेले, एका पानाचा कोपरा दुमडलेला.

"मिस्त्री, भांडायला आलोय."

"कुठली चूक सापडली?"

"पान अठरा. थंड बॉयलर पेटवताना चार तास हळू जाळ ठेवा म्हणता. भट्टीच्या विटा नव्या घातल्यात आम्ही. चार तासांत भागत नाही, सहा लागतात. चारात घाई केली तर तडे जातील."

मिस्त्रींनी पुस्तक हातात घेतलं, अठरावं पान वाचलं. मग पैलवानाकडे बघितलं.

"विटा किती जाड?"

"साडेचार इंच."

"आणि धुराड्याची झडप किती उघडता?"

"पाव."

"पावच?" मिस्त्री चपला शोधू लागले. "अगं, मी जरा बॉयलरवर जाऊन येतो. हा म्हणतोय ते बरोबर असेल तर पुढच्या छपाईत बदलावं लागेल."

"चहा झालाय, पिऊन जा," बाई आतून म्हणाल्या. "पैलवानांनाही द्या. आणि पाव उघडा नाहीतर अर्धी उघडा, लिहाल तेव्हा मला विचारा."

पैलवान पायरीवरच बसला आणि त्याने दुमडलेलं पान पुन्हा उघडलं. मिस्त्री चहाचे दोन पेले घेऊन आले, त्याच्या शेजारी टेकले. बशी निवेपर्यंत विटांच्या सांध्यात माती किती घातली हे विचारून झालं होतं.