मागच्या सीटचा फूटरेस्ट

माझा मित्र प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी लकडगंजातल्या दुकानाचं शटर उघडत होतो. त्याच्या बायकोने, वहिनींनी, फोनवर एवढंच सांगितलं, की रात्री झोपेतच गेले, तुम्ही या. नंदनवनापर्यंतच्या रिक्षात मी चालकाला दोनदा म्हटलं, जरा सावकाश घे. मला पोचायचंच नव्हतं. याला आता सव्वा महिना झाला...

माझा उजवा पाय लहानपणापासून अधू. मी गाडी चालवत नाही. प्रभाकर मौद्याच्या वीज प्रकल्पात फिटर होता आणि त्याच्याकडे साडेतीनशे सीसीची काळी, म्हशीसारखी धिप्पाड मोटरसायकल होती. दर रविवारी सकाळी तो मला तर्री-पोहे खायला न्यायचा. गाडी मधल्या स्टँडवर लावायची, मला मागे बसवायचं, वाकून फूटरेस्ट उघडून माझा पाय त्यावर ठेवायचा, मग स्वतः बसून माझ्या वजनासकट गाडी स्टँडवरून पुढे ढकलायची. सव्वीस वर्षांत हा क्रम त्याने कधी मोडला नाही. पोहेवाल्यासमोर उतरताना मला राजासारखं वाटायचं, हे आज कबूल करतो.

दीड वर्षापूर्वी त्या टपरीसमोरच गाडी कलली आणि त्याला सावरता आली नाही. चार जणांनी उचलली. तो कठड्यावर बसून राहिला, मनगट लचकलं म्हणाला. मी मानलं. महिन्याभरात काळी गाडी विकून त्याने शंभर सीसीची हलकी गाडी आणली. मला हसूच फुटलं.

"दूध वाटाले निघाला काय गा?" मी म्हणालो.

तोही हसला. मायलेज चांगला आहे, म्हणाला. मी काही त्या गाडीवर बसलो नाही. कधी गुडघा, कधी पाहुणे, कधी दुकान... तरी तो दर रविवारी दारात यायचा, फूटरेस्ट उघडून उभा राहायचा, आणि एकटाच जायचा. शेवटच्या रविवारी म्हणाला, "बस ना गा, एक चक्कर मारून येऊ." मी ओट्यावर बसल्या बसल्याच म्हणालो, "पुढच्या रविवारी पाहू." पुढचा रविवार त्याचा चौथा दिवस होता.

तेरवी झाल्यावर वहिनींनी सांगितलं. "डॉक्टरनं यायले जड गाडी बंद सांगितली होती, भाऊजी. छातीचं होतं. हे म्हणे, मग त्याले रविवारी कोण नेईन? हलकी घेऊन टाकतो. पण सांगू नको त्याले, माह्या काळजीनं तो बसणारच नाही."

बसलो नाहीच मी. काळजीने नव्हे, तोऱ्याने. चार लोकांनी हसू नये म्हणून. हे लिहितानासुद्धा लाज वाटते, आणि लाज वाटून काही उपयोग नाही.

वहिनींनी ती गाडी माझ्याकडे पाठवून दिली आहे. चालवायला माझ्याकडे कोणी नाही, तरी मी नाही म्हणालो नाही. आज रविवार. सकाळी अंगणात जाऊन वाकलो आणि उजवीकडचा फूटरेस्ट पहिल्यांदाच माझ्या हाताने उघडला. तो केवढा खाली आहे... माझा पाय आपला आपण पोचला असता. रबरावरच्या रेघा दीड वर्षानंतरही कोऱ्या आहेत.