पाचवी आज्ञा

आमच्या नांदेडच्या ख्रिस्ती मंडळीत मी मुलांना धर्माची प्रश्नोत्तरी शिकवतो; तेथे माझ्याविषयी एक कथा सांगतात, आणि ती खोटी आहे. लातूरहून आलेली एक मुलगी दुसऱ्या पंथाच्या रविवारच्या शाळेत शिकली होती. हे ठाऊक असूनही मी तिला गर्वापोटी नापास केले आणि तिचे पहिले प्रभुभोजन, म्हणजे वेदीपाशी भाकर व द्राक्षारस घेणे, वर्षभर लांबवले, असे लोक म्हणतात.

वस्तुस्थिती सांगतो. बायबलातल्या दहा आज्ञा सर्वांच्या त्याच, मोजणी मात्र वेगळी. आम्ही लूथरन लोक मूर्तीविषयीचे वचन पहिल्याच आज्ञेत धरतो. म्हणून आईबापांचा मान राखण्याची आज्ञा चौथी आणि खून न करण्याची पाचवी. इतर बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत ते वचन वेगळे मोजतात, म्हणून तो मान पाचवा. प्रभुभोजनाआधी मंडळीसमोर होणाऱ्या परीक्षेत मी तिला पाचवी आज्ञा विचारली. तिने आईबापांचा मान सांगितला. मी ‘चूक’ म्हणालो. तिची मोजणी निराळी असल्याचे मला कोणीही कळवले नव्हते. तिचा बाप आजही भांडतो, “गुरुजी, लोह्याच्या एसटी स्टँडावर सांगितलं की तुम्हाला!” तेथे आम्ही चहा घेतला, एवढेच मला आठवते.

ती आता लातूरला मुलांना तीच प्रश्नोत्तरी शिकवते. खरे काय ते तिच्याच तोंडून वदवून घ्यावे, म्हणून गेल्या महिन्यात मी मुद्दाम गेलो. माझी हकिगत ऐकून ती हसू लागली.

“आकडा न्हाई हो चुकला, गुरुजी. तुमची मोजणी आईनं घोटून घेतली होती. पाचवी मी खुनाचीच सांगितली. मग तुम्ही विचारलं, याचा अर्थ काय? तिथं मी पाठ केलेलं सोडून मनानंच बोलले.”

“काय बोललीस?”

“शेजारणीशी अबोला धरला तरी ती मरतेच, असं. आईची अन् शेजारणीची तेव्हा बोलचाल बंद होती ना. तुम्ही वही मिटली.”

“अगं, पण हा अर्थ तर बरोबर आहे! असे उत्तर मी चूक ठरवीन?”

“ठरवलं की, गुरुजी.”

आकडा चुकला असता तर नियम तरी माझ्या बाजूने असता. वही मिटल्याचे मला स्मरत नाही. न मिटल्याचेही स्मरत नाही. अखेर म्हणालो, “माझे चुकले.”

“कशात?” तिने सहजच विचारले.

त्या रविवारी तिच्या बरोबरीची मुले भोजनाला पुढे गेली आणि ती बाकावर एकटी राहिली, यावर कोणाचाच वाद नाही. तिला तेथे मीच बसवले होते.